‘अर्ध्या तासात इंजिन माउंटिंग बदला’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘गाडी थरथरते म्हणजे इंजिनाचं माउंटिंग गेलं. गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. गाडीतलाच जॅक इंजिनाच्या चेंबरखाली लावा, बोल्ट काढा, तुटलेलं रबर बदला, बोल्ट जोर लावून आवळा. अर्ध्या तासाचं काम. नवं रबर मिळालं नाही तर जुन्यात काच चिकटवायचं सीलंट भरा, जास्त टिकतं.’

माउंटिंग म्हणजे इंजिन गाडीच्या बॉडीवर ज्यांच्या आधाराने बसवलेलं असतं ते रबर-धातूचे तुकडे, आणि चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. घरी काम करायला माझा विरोध नाही. मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो यांचं माउंटिंग अंगणात बदलता येतं, आणि ज्याला हौस आहे त्याने जरूर बदलावं. पण आधी दुखणं नीट ओळखणं आणि मग इंजिनाला भक्कम आधार देणं, या दोन गोष्टींवर हे काम उभं आहे. नेमक्या त्याच दोन या मजकुरात चुकल्या आहेत, आणि दुसरीत माणसाचा जीव जाऊ शकतो.

‘थरथर म्हणजे माउंटिंग’

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. अशा इंजिनात पिस्टनांचे वर-खाली बसणारे झटके एकमेकांना तोलतात, पण इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत डुलतं. ते त्याच्या रचनेतच आहे. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला साधारण ८५० फेऱ्यांना (आरपीएम), त्यात सेकंदाला जेमतेम २१ स्फोट होतात. इतकी संथ थरथर रबर पूर्ण अडवू शकत नाही. त्यात एखादा स्पार्क प्लग काजळला, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) घाण झाला, व्हॅक्यूमचा पाइप चिरला की गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनच एखादा स्फोट चुकतो, आणि स्टिअरिंग हादरतं. आधी हे बघा. ८०-९० च्या वेगालाच येणारी थरथर तर बहुतेक वेळा चाकांच्या बॅलन्सिंगची असते.

माउंटिंग गेल्याची खूण वेगळी. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर ‘धड्’ असा आवाज येतो, गिअरचा दांडा पुढे-मागे होतो. खात्री करायची तर बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा आणि जाणत्या माणसाला आत बसवा. त्याने ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा आणि क्लच जेमतेम धरेपर्यंतच सोडायचा, एकदा पहिल्या गिअरमध्ये, एकदा रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नको. इंजिन थोडं झुकणारच. ते उचललं जाऊन आपटत असेल तर माउंटिंग गेलं.

मग टॉर्च मारून माउंटिंग बघा. रबराच्या कडेला बारीक रेघा असल्या तर घाबरू नका, उष्णतेने त्या येतातच. रबर धातूपासून सुटलेलं असेल किंवा तडा आरपार गेला असेल तर बदला. रबर फुगून लिबलिबीत झालं असेल तर नजर वर न्या. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपत असण्याची शक्यता मोठी आहे. नैसर्गिक रबराला ऑइल सोसत नाही. पॅकिंग तसंच ठेवून नवं माउंटिंग बसवलंत तर त्याचीही तीच गत होईल.

‘गाडीतला जॅक चेंबरखाली लावा’

इथे मला खरोखर राग येतो. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, एक हात घालण्यापुरतंही नाही. गाडी उचलायची असेल तर कंपनीने दिलेल्या जागी घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी द्या, जमीन सपाट आणि पक्की हवी. कित्येक गाड्यांचं बाजूचं माउंटिंग बोनेटमधूनच निघतं, तेव्हा गाडी उचलावीही लागत नाही. इंजिनाला आधार मात्र लागतोच.

तो आधार उघड्या जॅकचा नको. पत्र्याचं चेंबर दबतं, ॲल्युमिनियमचं तडकतं. चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर ऑइल ओढणारी जाळी असते. तळ आत गेला की जाळीचं तोंड कोंडतं, ऑइलचं प्रेशर पडतं आणि स्वस्तात केलेल्या कामात इंजिनच जाम होतं. ट्रॉली जॅकवर (चाकांवर सरकणाऱ्या हायड्रॉलिक जॅकवर) रुंद, जाड लाकडी ठोकळा ठेवा आणि माउंटिंगवरचा भार सुटेल इतकंच उचला. बोल्ट हाताने सहज फिरू लागला की थांबा. याहून वर नेलंत तर रेडिएटरचे पाइप, सायलेन्सरचा जोड आणि वायरिंग ताणलं जातं.

बोल्ट काढताना एक जाड तार किंवा वेणी दिसेल, इंजिनापासून बॉडीकडे गेलेली. ती अर्थिंगची. रबर वीज वाहून नेत नाही, म्हणून ती असते. ती परत लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, तेही त्या मजकुरात नाही.

‘तुटलेलं तेवढंच बदला’

हे अर्धं खरं आहे. एक तुटलं की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, त्यामुळे सगळी तपासा. समवयस्क असतील आणि खिशाला परवडत असेल तर सगळी एकदमच बदला. पण काढायची एका वेळी एकच. सगळी एकदम सोडलीत तर इंजिन सरकतं आणि भोकं जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

‘सीलंट भरा’

तेलकट जुन्या रबराला सीलंट नीट धरत नाही. धरलं तरी माउंटिंग कडक होतं आणि जी थरथर घालवायला निघालात ती थेट सीटपर्यंत पोचते. १९३१ मध्ये प्लिमथने ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने रबरावर तोललेलं इंजिन बाजारात आणलं, ते हा हादरा तोडण्यासाठीच. रबराचा कडकपणा त्या-त्या इंजिनासाठी ठरवलेला असतो. म्हणून पार्ट नंबर जुळवूनच माउंटिंग घ्या.

‘जोर लावून आवळा’

सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. जॅक उतरवून इंजिनाचं वजन माउंटिंगवर येऊ द्या, इंजिन थोडं हलवून त्याच्या जागी बसू द्या, आणि मगच टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. इंजिन उचललेलं असतानाच आवळलंत तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. पहिल्यांदाच करत असाल तर सुटीची सकाळ मोकळी ठेवा आणि सोबतीला एक माणूस घ्या.