पिशवीवरच्या शिंगांना भुलू नका: फूड प्लॉटच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

"माती तपासायची गरज नाही, मशागत नको. मोठ्या शिंगांच्या नराचा फोटो असलेली मिश्र बियाण्याची पिशवी आणा, झाडीतल्या मोकळ्या जागेत फेका, एक पाऊस पडला की झालं. हरणं रोज येतील आणि याच हंगामात शिंगंही भरतील." अमेरिकेत उन्हाळा सरत आला की व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या शिकाऱ्यांमध्ये फूड प्लॉटसाठी, म्हणजे हरणं चरायला यावीत म्हणून पेरलेल्या जमिनीच्या छोट्या तुकड्यासाठी, हा सल्ला हातोहात फिरतो. तिथे राहून परवान्यावर शिकार करणाऱ्या मराठी वाचकांनी त्यावर पैसे घालण्याआधी हे वाचावं. (भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इथलं सगळं विवेचन अमेरिकेपुरतं.)

"फेकलं की उगवतं" यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य उघड्या मातीवर पावसाच्या तोंडावर विस्कटलं तरी बऱ्यापैकी उगवतं. पांढरा क्लोव्हर (बरसीमसारखं चाऱ्याचं द्विदल पीक) फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री गोठून दिवसा वितळणाऱ्या जमिनीवर फेकला, तर भेगांत आपोआप बसतो. पण ऑगस्टमध्ये पाचोळ्यावर पडलेलं बी मातीला टेकतच नाही. अंकुर फुटतो आणि दोन दिवसांच्या उन्हात करपतो. निदान पाचोळा ओढून काढा, माती खरवडा.

मिश्रणात आणखी एक अडचण असते. राय, गहू, ओट यांना साधारण एक इंच खोली लागते, क्लोव्हरला पाव इंच. सगळं एकत्र टाकून हॅरो (कुळवासारखं अवजार) फिरवला की क्लोव्हर गाडला जातो. म्हणून आधी धान्य विस्कटून हलकं झाकायचं, मग क्लोव्हर टाकायचा आणि वरून फक्त रोलर फिरवायचा. रोलर नसेल तर एटीव्हीची (रानात चालणाऱ्या छोट्या चारचाकीची) चाकं फिरवली तरी बी दाबलं जातं.

"माती तपासायची गरज नाही" हा यातला सर्वांत महागात पडणारा भाग. झाडीतली जमीन बहुतेक वेळा आम्लधर्मी असते. क्लोव्हरला सामू (pH) ६ ते ७ हवा. ५.२ सामू असेल तर खतावर केलेला खर्च बराचसा वाया जातो, मुळांवर गाठी नीट धरत नाहीत आणि रोपं पिवळी पडतात. प्लॉटमधल्या दहा-पंधरा ठिकाणची वरच्या सहा इंचांतली माती बादलीत मिसळा आणि नमुना राज्याच्या विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रात द्या. खर्च बियाण्याच्या एका पिशवीहून कमीच येतो. एकरी २ टन चुनखडीची शिफारस आली, तर अर्ध्या एकराला १ टन, म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या. "दाणेदार चुनखडीच्या पाच पिशव्या टनाचं काम करतात" असंही ऐकू येतं. ते खरं नाही, आम्लता मारायला वजन लागतंच. शिवाय चुनखडी मुरायला काही महिने जातात. सप्टेंबरच्या पेरणीच्या तोंडावर टाकली तर फायदा पुढच्या वर्षी दिसेल. तोवर आम्ल जमीन सोसणारं पीक घ्या, आणि त्यात राय सगळ्यांत पुढे.

आता पिशवी. फोटो पुढच्या बाजूला असतो, खरी माहिती मागच्या लेबलवर. कायद्याने तिथे प्रत्येक बियाण्याचा वाटा आणि उगवणशक्ती छापावी लागते. समजा शुद्ध बी ६० टक्के, बियाण्यावरचा लेप ३४ टक्के, उगवण ८५ टक्के. ६० चे ८५ टक्के म्हणजे ५१. दहा पौंडांच्या पिशवीत उगवणारं बी जेमतेम पाच पौंड, बाकी बरंचसं लेपाचं वजन. त्याच यादीत रायग्रास आहे का तेही बघा. राय आणि रायग्रास: नावं सारखी, पिकं वेगळी; राय धान्य, रायग्रास गवत. रायचा दाणा तळहातावर बारीक, लांबट गव्हासारखा दिसतो. रायग्रासचं बी हलकं, कोंड्यासारखं, फुंकर मारली तर उडतं. रायग्रास स्वस्त असल्याने मिश्रणात हमखास घुसतो. एकदा त्याचं बी गळलं की पुढची काही वर्षं क्लोव्हरमधून तो काढत बसावं लागतं.

सुटं बियाणं घेऊन मिश्रण घरीच करणं सोपं आहे. केंटकी, टेनेसीच्या पट्ट्यात सप्टेंबरसाठी एकरी ५० पौंड गहू किंवा राय आणि १५ पौंड क्रिमसन क्लोव्हर पुरतो. विस्कटून पेरणार असाल तर धान्य थोडं वाढवा. मिशिगन, विस्कॉन्सिनच्या थंडीत क्रिमसन तगेलच असं नाही, तिथे लाल किंवा पांढरा क्लोव्हर घ्या. क्लोव्हरचं बी लेपाशिवायचं असेल तर हरभऱ्याला चोळतो तसं रायझोबियम (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं संवर्धन) गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि सावलीत सुकवा. संवर्धन मात्र क्लोव्हरचंच हवं, चवळीचं त्याला चालत नाही.

"हरणं रोज येतील" याला उत्तर एकच: कोणत्या तारखेला? ऑक्टोबरमध्ये धनुष्याने शिकार करायची असेल तर कोवळा ओट आणि क्लोव्हर कामाचे. पण ओट कडक थंडीत मरतो. डिसेंबरपर्यंत हिरवं हवं असेल तर राय. सलगम, मुळा ही मोहरीवर्गीय पिकं उत्तरेत जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला पेरावी लागतात, आणि हिमकडाका पडेपर्यंत हरणं अनेकदा त्यांच्या पानांना तोंडही लावत नाहीत. अर्ध्या एकरात सोयाबीन तर नकोच. त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या वर असतो, बीजपत्रांसकट खुडला की रोप संपलं. रायचा कोंब सुरुवातीला जमिनीलगत असतो, म्हणून ती चरल्यावरही फुटते. आणि पांढऱ्या ओकची फळं गळू लागली की उत्तम प्लॉटही काही आठवडे ओस पडतो. त्यात बियाण्याचा दोष नसतो.

शिंगांचं गणित तर कॅलेंडरवरच चुकतं. शिंगं वसंतात वाढू लागतात, ऑगस्टअखेर टणक होतात, सप्टेंबरच्या सुमारास त्यांवरची मखमल गळते. सप्टेंबरात पेरलेल्या रायचा त्या वर्षीच्या शिंगांशी संबंध नाही. वसंतातला क्लोव्हर थोडी मदत करतो, पण वय त्याहून मोठं आहे. नराची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात पूर्ण भरतात. दीड वर्षाचा नर टिपला, तर कोणतंही बियाणं ती वर्षं परत देत नाही.

कोणतं पीक खरंच चाललं हे ओळखायला पेरणीच्या दिवशीच तारेच्या जाळीचा चार फूट उंच, तीन-चार फूट व्यासाचा पिंजरा प्लॉटमध्ये ठोकून ठेवा. आत गुडघाभर आणि बाहेर घोट्याएवढं असेल तर हरणं खातायत, पुढच्या वर्षी प्लॉट वाढवा. आतबाहेर दोन्हीकडे खुरटलं असेल तर मातीचा अहवाल पुन्हा काढा. दोन्हीकडे उंच असेल तर आजूबाजूला ओक गळतायत का ते बघा, आणि तुमचा वास वाऱ्याबरोबर प्लॉटवर जातोय का तेही.