कापसाच्या मुलखात ऑर्गन कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, आमच्या गावातल्या चर्चच्या ऑर्गनसाठी वर्गणी सुरू झाल्याचं मी लिहिलं, त्यावर तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. जिथे शेतकरी गळफास घेतोय तिथे लाखांची वर्गणी करून विलायती वाद्य कशाला? साधा कीबोर्ड घ्या, नाहीतर तुकडोजी महाराजांसारखं खंजिरीवर भजन करा, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तळमळीने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूने बोलता, पण भाऊ, ही वर्गणी देणारे शेतकरीच आहेत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणाचं चार-पाच एकर कोरडवाहू वावर, तर बरेचसे दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणारे. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी लोक घरचं पीक घेऊन येतात. तुरीच्या पेंढ्या, ज्वारीची कणसं, पाय बांधलेली गावरान कोंबडी. उपासना झाली की अंगणात कडुलिंबाखाली लिलाव होतो. यंदा एका म्हाताऱ्या बाईने कोहळं आणलं होतं. पहिल्याने बोली जिंकली, पैसे भरले आणि कोहळं परत लिलावाला ठेवलं. दुसऱ्यानेही तेच केलं. शेवटी ज्याने घेतलं त्याने ते त्या बाईच्याच पदरात टाकलं. ती रक्कम ऑर्गनच्या खात्यात आहे. या लोकांना पोटाची चिंता नाही, असं नाही. पण त्यांनी पोटापलीकडचं काही मागितलं की ती उधळपट्टी, हे मला मान्य नाही. गरिबाला काय हवं असावं, हे त्याच्या वतीने दुसऱ्याने का ठरवायचं?

आणि वेळकाळ आम्हालाही कळतो. २०१७ साली बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, यवतमाळकडे फवारणीत माणसं दगावली, त्या वर्षी ऑर्गनचा विषयसुद्धा कोणी काढला नाही.

तुम्ही ‘पाईप ऑर्गन’ लिहिलंय. तो उंच नळ्यांचा, मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे तसा. तसला बसवायचा तर कोटीची भाषा करावी लागते. आमचा साधा, पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन आहे, मिशनच्या काळातला. पायटे दाबले की भाता आतली हवा ओढून काढतो, पट्टी दाबली की बाहेरची हवा रीडवरून, म्हणजे पितळेच्या पातळ जिभेवरून, आत खेचली जाते आणि सूर निघतो. अमेरिकेत एस्टी नावाच्या एकट्या कंपनीने असे पाच लाखांवर ऑर्गन बनवले. तो कारखाना १९६० च्या सुमारास बंद पडला. म्हणजे दुकानात जाऊन नवा आणावा, अशी सोय नाही.

आमच्या ऑर्गनची मागची फळी काढून पाहिली तर भात्याचं कापड बोटाने तुटतं. डावा पायटा सुतळीने बांधलाय. खालच्या चौकटीला वाळवी लागली आहे, आणि पंचेचाळीस अंशाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून हवेच्या पेटीला अशी चीर गेली की रीडवरून यायच्याऐवजी हवा तिथूनच आत शिरते. वाजवणारा घामाघूम होतो आणि गाण्याचं कडवं अर्ध्यातच बसतं. पण रीड शाबूत आहेत. पितळ शंभर वर्षांनीही बोलतं. बिघडलेला रीड हुकाने ओढून काढायचा, धूळ झटकायची. सूर उतरला असेल तर टोकाशी किंचित घासायचा, चढला असेल तर बुडाशी. म्हणून ठरलंय असं, की जुने रीड ठेवायचे आणि बाकी सगळं मुरलेल्या सागवानात नवीन करून घ्यायचं. खर्च त्या कारागिरीचा आहे.

कीबोर्डचं म्हणाल तर तो आहे आमच्याकडे, पोरं वाजवतात आणि छान वाजवतात. पण त्याच्यातला ताल सुरू केला की तो कोणासाठी थांबत नाही. आमच्या मंडळीत निम्मे लोक साठीच्या पुढचे. ओळीच्या शेवटी त्यांना दम घ्यावा लागतो. ऑर्गनवाला मान वळवून बघतो, शेवटचा सूर धरून ठेवतो, सगळे आले की पुढे जातो. मातीच्या वेळी तर हे फारच लागतं, कारण घरच्यांचा आवाज मध्येच तुटतो आणि कोणीतरी सूर धरून ठेवावा लागतो. शिवाय लाइट गेली तरी ऑर्गन चालतो, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा किती, ते तुम्हाला ठाऊक आहेच. कीबोर्डचा बोर्ड उडाला की नागपूर गाठायचं आणि पार्ट मिळत नाही असं ऐकून परत यायचं.

राहिला विलायतीचा मुद्दा. ज्या पेटीवर आपण गावोगाव भजन म्हणतो, त्या हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें यांनी १८४२ साली घेतलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, हाताने भाता मारून वाजवण्याजोगं रूप दिलं. तरीही आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं तिला बाहेर ठेवलं. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनचीच साथ होती, आणि त्या गाण्याला परकं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. खंजिरी आम्हालाही प्यारी आहे. गुरुकुंज मोझरी आपल्याच मुलखातली, आणि महाराजांची भजनं आमच्या घरातही म्हटली जातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि ओवी आणली, तेव्हापासून आमच्याकडे टाळ, तबला, पेटी आहेच. भजन त्याच्यावर होतं, मिशनकाळातली गीतं ऑर्गनवर. दोन्ही आमचंच आहे, एकासाठी दुसरं सोडायची गरज आम्हाला कधी वाटली नाही.

हिशोबाबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला चर्चच्या दारावर लागतो, कोणीही येऊन वाचावा. मुलांच्या फीचा आणि आजारपणाचा निधी वेगळ्या खात्यात आहे, त्यातला रुपया इकडे वळवायचा नाही असा मंडळीचा ठराव आहे. आणि यंदा कापसाने दगा दिला, तर वर्गणी थांबेल आणि काम पुढच्या हंगामावर जाईल, हेही त्याच ठरावात लिहिलंय.