कोच गेल्यावर काय उरतं ते बघा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये ऑल टाइम ग्रेट कॉलेज कोणतं, हा वाद निघाला की लोक लगेच टायटल, म्हणजे एनसीएए या राष्ट्रीय स्पर्धेची विजेतेपदं, मोजायला बसतात. यूसीएलए ११, केंटकी ८, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते बघायचं एकच, मोठा कोच गेल्यावर त्या कॉलेजचं काय होतं.

यूसीएलएचंच घ्या ना. जॉन वुडनने १९६४ ते १९७५ मध्ये १० टायटल जिंकली, त्यातली ७ लागोपाठ, मधे सलग ८८ मॅच जिंकल्या, असं परत कोणी करेल असं मला तरी वाटत नाही. पण वुडन रिटायर झाल्यापासून फक्त एक, १९९५ चं. मग मोठं कोण, कॉलेज की वुडन? इंडियानाचंही तेच, बॉब नाइटची १९७६ ची टीम अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही, पण १९८७ नंतर त्यांना टायटल नाही.

आता केंटकी बघा. ॲडॉल्फ रपची ४, मग जो हॉल १९७८, रिक पिटिनो १९९६, आणि पिटिनो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये निघून गेला तर पुढच्याच सीझनला, १९९८ ला, टबी स्मिथने परत जिंकून दाखवलं, मग २०१२ ला कॅलिपारी. पाच वेगवेगळे कोच! याला म्हणतात प्रोग्रॅम, म्हणजे कोच बदलला तरी टिकणारी कॉलेजची बास्केटबॉल व्यवस्था. तरी रपचा काळ मी डोळे झाकून मोठा म्हणणार नाही. १९६६ च्या फायनलला त्याची टीम पूर्ण गोरी होती आणि समोर टेक्सास वेस्टर्नने पाच काळे खेळाडू स्टार्टिंगला उतरवून ७२-६५ ने हरवलं. केंटकीच्या मोठेपणाबद्दल बोलताना हे सांगायलाच हवं.

आणि माझं मन जिथे अडकलंय ते कॅन्सस. टायटल ४ च, पण हा खेळ ज्याने १८९१ मध्ये शोधला तो जेम्स नेस्मिथच कॅन्ससचा पहिला कोच, आणि जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरलेला कॅन्ससचा एकमेव कोचही तोच! त्याच्या हाताखाली खेळला फॉग ॲलन, पुढे तो तिथलाच कोच झाला, आणि ॲलनच्या हाताखाली खेळले रप आणि डीन स्मिथ. एकाने केंटकी उभं केलं, दुसऱ्याने नॉर्थ कॅरोलायना. गाण्यात घराणं असतं तसंच आहे हे, गुरू एक आणि शिष्यांनी वेगवेगळ्या गावी जाऊन गादी चालवली. पुढे स्मिथचा असिस्टंट रॉय विल्यम्स १५ वर्षं कॅन्ससला कोच होता, मग कॅरोलायनाला परत येऊन त्याने ३ टायटल जिंकली. ही परंपरा टायटलच्या आकड्यात कशी पकडणार तुम्ही?

ड्यूकवाले चिडतील, पण त्या कॉलेजची पाचही टायटल 'कोच के' म्हणजे माइक शेशेव्स्की या एकट्या कोचची आहेत. त्याच्या जागी आलेला जॉन शायर चांगलं चालवतोय, २०२५ ला फायनल फोर म्हणजे सेमीफायनलपर्यंत गेला, पण तो टायटल जिंकेपर्यंत मी ड्यूकला केंटकीच्या रांगेत बसवणार नाही.

यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठाला) मात्र बसवतो. जुनी पुण्याई नाही म्हणून लोक त्यांना अजून पाहुण्यासारखं वागवतात, याचा मला खरंच राग येतो. १९९९ च्या आधी एकही टायटल नव्हतं, मग १९९९ ते २०२४ मध्ये ६, तेही कॅल्हून, ऑली, हर्ली अशा तीन कोचच्या हाताखाली, आणि २०२३ आणि २०२४ च्या टुर्नामेंटमधली प्रत्येक मॅच दहापेक्षा जास्त पॉइंटने जिंकलेली. अजून काय करायला पाहिजे त्यांनी?