तयार फॅमिली ट्री का देत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची सविस्तर कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन संपणारी नाहीये म्हणून इथे वेगळं लिहितेय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी कायम "हे रजिस्टर बघा, तो इंडेक्स बघा, मूळ नोंद उघडा" एवढंच सांगत असते, तयार झालेले फॅमिली ट्री मात्र कुणाला देत नाही, साइट्सवर हजारो नावांचे ट्री एका क्लिकवर मिळत असताना नवख्या माणसाला कागदांत अडकवणं म्हणजे माहिती दाबून ठेवणं झालं, आणि डीएनए टेस्ट आल्यावर या जुन्या कागदांची गरज तरी काय. शिवाय तुम्ही विचारलंय की एकाच पूर्वजाची दोन ट्रीमध्ये दोन वेगळी जन्मसालं दिसली तर आमच्यासारख्या जुन्या लोकांनी बरोबर साल कुठलं ते सांगून मोकळं का होऊ नये.

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या बऱ्याच मुद्द्यांचं उत्तर त्यातच आहे.

इंग्लंडची १८४१ ची जनगणना घ्या. ६ जून १८४१ च्या रात्री घरात कोण कोण होतं याची ती नोंद. त्यात गणकांना सूचना अशी होती की पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वय नेमकं लिहायचं आणि त्याहून मोठ्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचं. म्हणजे ४८ वर्षांचा माणूस कागदावर ४५ चा. सगळ्याच गणकांनी हे पाळलं असं नाही, पण बऱ्याच जणांनी पाळलं. आता तोच माणूस ३० मार्च १८५१ च्या पुढच्या जनगणनेत ५८ वर्षांचा दिसतो. एकाने पहिली नोंद बघून जन्म १७९६ लिहिला, दुसऱ्याने दुसरी बघून १७९३ लिहिला, आणि तिसरा माणूस हे दोन्ही ट्री बघून ठरवतो की हे एकाच नावाचे दोघं चुलतभाऊ असणार, मग त्यातल्या एकाला आई-वडील जोडून टाकतो, ते कुणाचे तरी भलत्याचेच. मी नुसतं "१७९३" म्हणून सांगितलं असतं तर तुमच्याकडे तिसरं मत आलं असतं, एवढंच. पण मूळ पानं उघडली आणि तो पाचाच्या पटीचा नियम माहीत असला की कळतं, दोन्ही नोंदी एकमेकींशी अगदी जुळतायत. ५८ वरून जन्म १७९२-९३ च्या सुमाराचा, म्हणजे १८४१ च्या जूनमध्ये तो ४८-४९ चा, आणि ते खाली आणून ४५. भांडण नोंदींत नाहीच, त्या नुसत्या अर्धवट वाचल्या गेल्यात.

त्याच जनगणनेत अजून एक गोष्ट आहे. घरातल्या माणसांचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय हा रकानाच १८४१ ला नव्हता, तो १८५१ ला आला. त्यामुळे ४५ चा पुरुष, ४५ ची बाई आणि खाली लहान पोरं अशी यादी दिसली की ट्रीमध्ये सरळ नवरा-बायको आणि त्यांची मुलं होऊन जातात, जे प्रत्यक्षात भाऊ-बहीण आणि भाचरं असू शकतात. मी ट्री दिला तर तुम्हाला हा रकाना नव्हता हे दिसणार नाही, नोंद उघडलीत तर दिसेल.

आणखी जुन्या चर्चच्या रजिस्टरांत तर कॅलेंडरच वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आई-वडिलांचं लग्न मे १७२० आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० असं दिसलं की आजचा वाचणारा म्हणतो मूल लग्नाआधीचं, किंवा पहिल्या बायकोचं, आणि ट्रीत एक कधीच नसलेली पहिली बायको जन्माला येते. खरं तर तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७२१ चा आहे, लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेला बाप्तिस्मा. इतकं सरळ.

म्हणून मी ट्री देत नाही, वाट देते. ट्री म्हणजे कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो कशावरून काढला हे सोबत नसेल तर तपासायचं काय? गेडकॉम फाइल (ट्री एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) १९८४ पासून आहे, तिच्यात प्रत्येक माहितीला स्रोत जोडायची सोय आहे, पण किती फाइल्समध्ये तो स्रोत नुसता "दुसऱ्याचा ट्री" एवढाच असतो ते कुठलीही उघडून बघा. दहा ट्रीमध्ये एकच साल दिसलं की लोकांना वाटतं दहा साक्षीदार आहेत, पण नऊ जणांनी एकाचंच कॉपी केलेलं असतं आणि त्या एकाने अंदाजाने लिहिलेलं असतं. मला याची खरंच काळजी वाटते, कारण चुकीची माहिती एकदा पसरली की ती मागे घेता येत नाही, मूळ माणसाने आपल्या ट्रीत दुरुस्त केली तरी कॉपी तशाच फिरत राहतात.

"माहिती दाबून ठेवणं" हे मात्र मला मान्य नाही, आणि वाचून वाईटही वाटलं. मला जे जे सापडतं, कुठे काय बघायला मिळतं, कुठल्या इंडेक्समध्ये काय नाही, ते सगळं मी इथे फुकट टाकते, कारण मीही दुसऱ्यांनी फुकट केलेल्या कामावरच उभी आहे. फ्रीबीएमडी ही साइट बघा, १९९८ पासून स्वयंसेवक इंग्लंड आणि वेल्सच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या इंडेक्सची ओळन् ओळ टाइप करतायत, ते सगळ्यांना मोफत आहे. पण त्या जुन्या इंडेक्समध्ये जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या मध्यापासूनच मिळतं. उलट तिथल्या जीआरओने, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयाने, जो स्वतःचा नवा इंडेक्स ऑनलाइन ठेवलाय त्यात ते १८३७ पासून आहे, फक्त मोफत अकाउंट काढावं लागतं. हा फरक माहीत असणं म्हणजे काय ते सांगते. १९११ च्या जनगणनेत लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं की या लग्नातून किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती आहेत आणि किती गेली. समजा लिहिलंय आठ, पाच, तीन. पाच तर घरात किंवा आसपास सापडतात, ती गेलेली तीन कुठल्याच जनगणनेत नसतात, कारण दोन जनगणनांच्या मधेच जन्मली आणि गेली. अशा वेळी जीआरओच्या इंडेक्समध्ये वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव एकत्र टाकून त्या भागातले जन्म बघायचे, मग तेच नाव मृत्यूच्या इंडेक्समध्ये बघायचं, तिथे वयही असतं. तीन लेकरांची नावं मिळतात, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. हे कुठल्याही तयार ट्रीमध्ये मला फारसं दिसत नाही, कारण कॉपी करणाऱ्याला मोठी झालेली, पुढे वंश चालवलेली मुलंच हवी असतात. माझ्या दृष्टीने ती तीन नावंही तितकीच महत्त्वाची.

भारतातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचंही तसंच आहे. ट्रीमध्ये एक नाव आणि "भारतातून आला" एवढंच असतं, पण तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे जी रजिस्टरं आहेत त्यांत प्रत्येकाचा इमिग्रेशन नंबर, वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव-जिल्हा असं मिळतं, नंतरच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. एकाच नावाची कितीतरी माणसं गेलेली असल्यामुळे नावावर जाऊन उपयोग नाही, नंबर धरावा लागतो.

आणि शेअर करायचं म्हणजे फक्त सापडलेलं नाही. न सापडलेलंही शेअर करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि तेच कुणी करत नाही. आयर्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत आमचे लोक सापडत नाहीत म्हणून दिवसेंदिवस शोधणारे असतात, त्यांना कुणीतरी एवढंच सांगायला हवं की ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट आणि आग होऊन १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले, आणि १८६१ ते १८९१ चे तर सरकारनेच त्याआधी नष्ट केलेले होते. पूर्ण उरलेल्यांतली सगळ्यात जुनी १९०१ ची आणि मग १९११ ची, दोन्ही तिथल्या नॅशनल आर्काइव्हजवर मोफत आहेत. त्याच्या आधीचं हवं असेल तर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४ मधलं, ज्यात जमीन-घर कुणाच्या ताब्यात होतं ते कळतं, पूर्ण कुटुंब नाही कळत. तुम्ही एखादं रजिस्टर बघितलं आणि नाही मिळालं तर कुठल्या सालापासून कुठपर्यंत बघितलं, मधली कुठली पानं नव्हती, नावाची कुठली कुठली स्पेलिंग टाकून बघितली, हे लिहा. पुढच्या माणसाचे श्रम त्याने वाचतात.

नवख्या माणसाला दडपण येतं हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि त्यावर मार्ग आहे. फॅमिलीसर्च या साइटवर २४ लाख मायक्रोफिल्म रोल्सचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं, वापर मोफत आहे, पण त्यातल्या फार मोठ्या भागाला नावाचा इंडेक्सच नाही. लोक सर्चमध्ये नाव टाकतात, काही येत नाही, आणि म्हणतात इथे काहीच नाही. कॅटलॉगमध्ये जाऊन नावाऐवजी गावाचं नाव टाकायचं, तिथली रजिस्टरं दिसतात, मग पान पान बघायचं. वेळ लागतो, पण शेजारच्या नोंदीत मावशी सापडते, साक्षीदार म्हणून मामा सापडतो, ते सर्चमध्ये कधी सापडलं नसतं.

डीएनएबद्दल थोडक्यात. समजा टेस्ट सांगते की दोघांचा साधारण पंचवीस टक्के डीएनए समान आहे. आता पंचवीस टक्के म्हणजे आजोबा-नातू असू शकतात, काका-पुतण्या असू शकतात, आई किंवा वडील एकच असलेले सावत्र भाऊही असू शकतात. यातलं कुठलं ते वय आणि कागद बघूनच ठरतं. लांबच्या भावंडांचं तर असं आहे की ज्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एकच आहेत अशा लांबच्या चुलतभावांच्या साधारण दहा टक्के जोड्यांमध्ये समान तुकडा सापडतच नाही, म्हणून मॅच नाही म्हणजे नातं नाही असंही नसतं. टेस्ट जरूर करा, फक्त घरातल्या लोकांना विचारून करा, कारण तुमच्या नमुन्यात त्यांचीही माहिती असते. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली, त्यातल्या बहुतेकांचं स्वतःचं अकाउंट फोडलेलं नव्हतं, नातेवाईक म्हणून जोडलेले होते तेवढ्यावर त्यांची माहिती गेली. तयार ट्री न देण्याचं हेही एक कारण आहे, त्यात हयात माणसांची नावं आणि जन्मतारखा असतात आणि त्यांनी मला परवानगी दिलेली नसते.

आता तुमच्या त्या दोन जन्मसालांचं. दोन्ही ट्रीमध्ये त्या सालाखाली कुठली नोंद जोडलीय ते आधी बघा. काहीच जोडलेलं नसेल तर दोन्ही ट्रीच्या मालकांना मेसेज करून एवढंच विचारा की हे साल कुठून घेतलं, बहुतेक जण आनंदाने सांगतात. नोंदीचं नाव, साल आणि पान नंबर मिळाला की इथे कमेंटमध्ये टाका, आपण सगळे मिळून ती नोंद उघडून वाचू.