कुत्रा चावल्यावर दहा दिवस वाट पाहावी काय?

कुत्रा चावल्यास काय करावे हे सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरत असतो. जखमेवर तिखट किंवा चुना दाबावा, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवून तो मेला तरच लस घ्यावी, घरच्या कुत्र्याची किंवा पिल्लाची काळजी करू नये आणि दवाखान्यात गेल्यास पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, असा त्याचा एकूण आशय असतो.

यातला दहा दिवसांचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत साधारणपणे लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून येतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर ते जनावर थोड्याच दिवसांत मरते. म्हणूनच चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे मानता येते. परंतु हा नियम सुरू केलेली लस पुढे चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवण्यासाठी आहे; लस सुरू करणे पुढे ढकलण्यासाठी नाही. माणसाच्या जखमेत शिरलेला विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असतो, चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर हे अंतर फारच थोडे असते, आणि पाण्याची भीती वाटण्यासारखी लक्षणे एकदा दिसली की रोगी वाचल्याची उदाहरणे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. शिवाय भटका कुत्रा चावून पळाला, तर लक्ष ठेवायचे तरी कोणावर?

तिखट आणि चुन्याने जखमेची आग होते, ऊती अधिक दुखावतात आणि धुण्याचे मुख्य काम मागे पडते. विषाणूवरचे मेदयुक्त आवरण साबणाने विरघळते. त्यामुळे वाहत्या नळाखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुणे हा खरा प्रथमोपचार आहे. (पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो.)

चौदा इंजेक्शनांची भीती मात्र निराधार नव्हती. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड सेम्पल यांनी 1911 मध्ये हिमाचलातील कसौली येथे तयार केलेली, मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवली जाणारी लस खरोखरच पोटात टोचली जात असे आणि तिचे दुष्परिणामही गंभीर असत. भारतात ती बंद होऊन दोन दशके उलटली. आता सरकारी रुग्णालयांत पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांवर, कातडीच्या आत प्रत्येकी 0.1 मिली लस देतात. कातडी फाटून रक्त आले असेल, तर तयार प्रतिपिंडे (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) जखमेत आणि तिच्या भोवती टोचणेही आवश्यक असते, कारण लशीने शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात.

घरच्या कुत्र्याबद्दल एवढेच, की लस न दिलेला आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडून आलेला कुत्रा पट्टा घातल्याने सुरक्षित ठरत नाही. पिल्लांनाही रेबीज होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ही लस देता येते.