म्युनिकनं काठ फोडले, आपण बांधतोय

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधारणेवरून जुंपली की कुणीतरी परदेशातल्या नदीचा फोटो टाकतंच. घोटीव दगडी काठ, बाक, सायकली. वर शेरा: "असं पाहिजे!" मी म्युनिकमध्ये राहतो, म्हणून पुढचा मेसेज मला असतो. "तू सांग रे, तिकडे कसं आहे?"

तिकडे उलटं आहे. इथली इझार नदी एकोणिसाव्या शतकात सरळ करून बांधीव काठांत कोंडली होती. २००० ते २०११ या काळात शहर आणि बव्हेरिया राज्यानं मिळून तिचा शहरातला आठ किलोमीटरचा पट्टा मोकळा केला. खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. काठाचं काँक्रीट उखडलं, पात्र रुंद केलं, वीजनिर्मितीच्या कालव्यात जाणारं पाणी कमी करून नदीत जास्त सोडलं. आता काठ म्हणजे पांढुरक्या गोट्यांचा उतार. मोठा पूर येऊन गेला की गोट्यांची बेटं सरकलेली असतात, आणि ती जागेवर आणून ठेवायला कुणी जेसीबी पाठवत नाही. भांडणं इथेही झाली. शहराच्या मधल्या भागासाठी स्पर्धेत पहिला आलेला आराखडा सरळ, रेखीव काठांचा होता. लोकांना रानटी नदी हवी होती. शेवटी तडजोड झाली.

पुण्याचा प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे. त्याच्या बाजूनं बोलणारे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पात्रात राडारोडा टाकणारे, पत्र्याच्या शेड ठोकणारे थांबवायचे तर काठाला शिस्त हवी, हे मला पटतं. पण शिस्त म्हणून भराव घालून पात्र आवळणं पटत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे ज्याच्या आत बांधकाम करायचं नाही ती हद्द, साठ हजार क्युसेकची आहे. म्हणजे कागदावर अजून बरीच जागा होती. ती कुठे गेली, हे विठ्ठलवाडीजवळच्या पुलावर उभं राहिलं तरी दिसतं.

अर्थात इझारची नक्कल करा, असंही मी म्हणणार नाही. ती आल्प्समधून येते, बर्फ वितळून उन्हाळ्यातही वाहते. मुठेचं पाणी खडकवासल्याला अडतं. तिथून ते नळांना आणि कालव्याला जातं. पावसाळा सोडला तर भिडे पुलाखालून जे वाहतं ते मुख्यतः आपण फ्लश केलेलं. त्यावर जलपर्णी माजते, डास होतात. त्याच्या कडेला कितीही देखणा ट्रॅक करा, संध्याकाळी नाकाला रुमाल लावूनच चालावं लागेल.

त्या फोटोंत न दिसणारी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. म्युनिकमध्ये लोक इझारमध्ये डुंबतात ते वरच्या अंगाच्या गावांच्या जिवावर. बाड टोल्झ, वोल्फ्राट्सहाउझेन इथली मैलाशुद्धीकरण केंद्रं उन्हाळ्याचे महिने शुद्ध केलेल्या पाण्यावर आणखी अतिनील किरणांचा मारा करतात, जंतू मारायला. तरी जोराच्या पावसानंतर पाण्यात उतरू नका, असं प्रशासन बजावतंच.

पुण्यात या कामाची गती बघा. अकरा केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, यासाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला, नदीकाठ प्रकल्पाच्या भूमिपूजनाच्याच दिवशी! सहा वर्षं कागदावर गेली, आणि मग मैलापाणी आणि बाक एका रांगेत येऊन बसले.

"तिकडे बसून शिकवू नकोस," असं उत्तर मला येतं, तेही खरंच आहे. वास मला येत नाही. पण तो वास घेणारे फक्त पुणेकरही नाहीत. या नदीवर पुण्याची जागा म्युनिकची नाही, बाड टोल्झची आहे, वरच्या अंगाची. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि दौंड, इंदापूरकडून उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. महापालिकेनं पैसा ओतायचाच तर आधी त्या पाण्यावर ओतावा. काठावरचे बाक पाच वर्षं उशिरा आले तर त्यानं कुणाला कावीळ होत नाही.