एक विमान पडलं म्हणून स्टेल्थ खोटं ठरत नाही

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्यात म्हटलंय की स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं विमान घडवण्याचं तंत्र, ही अमेरिकी कंपन्यांची थाप आहे. सर्बियाने १९९९ मध्ये जुनाट क्षेपणास्त्राने स्टेल्थ विमान पाडलं, लांब लहरींच्या रडारला ही विमानं दिसतातच, आपल्या हवाई दलाने तर केरळजवळ एफ-३५ हे अमेरिकी बनावटीचं स्टेल्थ विमान ‘पकडलं’. म्हणून ‘एएमसीए’ या स्वदेशी स्टेल्थ विमानावर पंधरा हजार कोटी उधळू नका, साधी विमानं घ्या. यातल्या घटना बऱ्याचशा खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. आणि शेवटची मागणी मान्य झाली तर आपल्या हवाई दलाला ती फार महागात पडेल. म्हणून एकेक मुद्दा बघू.

आधी सर्बिया. नाटोची विमानं सर्बियावर बॉम्बहल्ले करत असताना २७ मार्च १९९९च्या रात्री राजधानी बेलग्रेडच्या पश्चिमेला एफ-११७ हे अमेरिकी स्टेल्थ विमान पडलं, यात वाद नाही. ते पाडलं झोल्तान दानी या सर्बियन अधिकाऱ्याच्या तुकडीने, एस-१२५ क्षेपणास्त्राने. आपल्या हवाई दलात वर्षानुवर्षं असलेलं ‘पेचोरा’ ते हेच. पण ते कसं पाडलं, यावर मजकूर गप्प आहे. रडारचा माग काढत येणारी क्षेपणास्त्रं डोक्यावर पडू नयेत म्हणून दानी रडार सलग वीसेक सेकंदांच्या वर चालू ठेवू देत नसत, आणि तुकडीचा मुक्काम सतत हलवत. नाटोची विमानं मात्र त्याच त्या वाटांनी ये-जा करत होती, आणि त्या रात्री शत्रूची रडार जॅम करणारी विमानं सोबत नव्हती. एवढं सगळं जुळून येऊनही क्षेपणास्त्रं सुटली तेव्हा विमान १३ किलोमीटरच्या आसपास येऊन ठेपलं होतं. दानींच्या तुकडीचं कौशल्य अव्वल होतं, त्याला दाद द्यायलाच हवी. पण ७८ दिवसांच्या त्या मोहिमेत एफ-११७ पडलं ते एकच. २ मे रोजी दानींची तुकडी ज्या ब्रिगेडमधली होती, तिनेच एफ-१६ हे साधं, स्टेल्थ नसलेलं विमानही पाडलं. त्याचे वैमानिक डेव्हिड गोल्डफिन पुढे अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यावरून एफ-१६ कुचकामी आहे, असं कुणी म्हणत नाही.

मुळात स्टेल्थ विमान अदृश्य असतं, असा दावा कुठलाच अभियंता करत नाही. ते किती अंतरावरून दिसतं, हा खरा प्रश्न आहे. रडारची लहर जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, त्यामुळे हे अंतर विमानाच्या परावर्तनाच्या, म्हणजे विमानावर आदळून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या, चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतं. परावर्तन दहा हजार पटींनी घटवलं, तर अंतर घटतं फक्त दहा पटींनी. म्हणजे जे रडार साध्या विमानाला ४०० किलोमीटरवर हेरतं, त्याला स्टेल्थ विमान ४० किलोमीटरवर दिसतं. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला ४०० किलोमीटर कापायला सव्वीस-सत्तावीस मिनिटं लागतात, ४० किलोमीटरला पावणेतीन मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्या वेळात ओळख पटवायची, आदेश घ्यायचा, क्षेपणास्त्र सोडायचं. शिवाय रडारची वर्तुळं अशी आक्रसली की दोन ठाण्यांमध्ये फटी पडतात, आणि हल्ल्याची वाट या फटींमधूनच आखली जाते. १९८८ पर्यंत अमेरिकेने एफ-११७चं अस्तित्वच मान्य केलं नव्हतं, ते उगाच नाही.

लांब लहरींच्या रडारचा मुद्दा या सगळ्यांत वजनदार आहे. लहर दोनेक मीटरची असली की शेपटीसारख्या भागांचा आकार तिच्या जवळपास येतो आणि स्टेल्थच्या घडणीची धार बोथट होते. पण अशा रडारला ‘त्या बाजूला काहीतरी आहे’ एवढंच ढोबळ कळतं. क्षेपणास्त्र नेमकं नेऊन आदळवायला काही सेंटीमीटर लहरींचं रडार लागतं, आणि स्टेल्थ सर्वांत प्रभावी तिथेच असतं. दानींनाही दोन्ही रडार वापरावी लागली होती. रशिया आणि चीन या बाबतीत सुधारणा करत आहेत, त्यामुळे स्टेल्थचा फायदा कमी होत जाईल, हे मान्य. पण जिथे स्टेल्थ विमानाला धोका आहे तिथे साध्या विमानाचं काय होईल?

केरळची गोष्ट तर थोडक्यात आटपते. जून २०२५ मध्ये ब्रिटिश एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं, ते आपण वळून येत असल्याचं स्वतः कळवून. हवाई दलाच्या निवेदनातच तसं होतं. शांततेच्या काळात ही विमानं मुद्दाम परावर्तक लावूनही उडतात, म्हणजे नागरी रडारला दिसावीत आणि समोरच्याला खरं परावर्तन मोजता येऊ नये. चीनचं जे-२०ही असा परावर्तक लावलेलं छायाचित्रांत दिसलं आहे. त्यामुळे २०१८ मध्ये आपल्या सुखोईला जे-२० दिसल्याच्या बातम्या आल्या, त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

राहिला पैसा. एफ-३५चा देखभालखर्च आणि जमिनीवर जाणारे दिवस यांवर अमेरिकेतच कडक टीका होते, आणि ती रास्त आहे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. आखाती युद्धात १९ जानेवारी १९९१ला एफ-१६ विमानांचा प्रचंड ताफा दिवसाढवळ्या बगदादवर गेला, दोन विमानं गमावून परतला. त्यानंतर शहराच्या मध्यभागातली लक्ष्यं एफ-११७वर सोपवली गेली. त्या युद्धात एकही एफ-११७ पडलं नाही.

आपल्याकडे लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. तेजस आणि राफेल आजची गरज भागवतील, ती घ्यायलाच हवीत. पण सीमेपलीकडे जे-२० २०१७ पासून सेवेत आहे, आणि रशियासोबतच्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे स्टेल्थ विमानाच्या, प्रकल्पातून आपण २०१८ मध्ये बाहेर पडलो. २०२४ मध्ये ‘एएमसीए’साठी मंजूर झालेल्या पंधरा हजार कोटींतून पाच नमुना विमानं उभी राहायची आहेत. त्यांत पोटातला शस्त्रकप्पा, इंजिनाची पाती लपवणारी वळणदार हवावाट, लहरी शोषणारा लेप हे सगळं आपल्याच लोकांनी करून शिकायचं आहे. हे काम आज थांबवलं, तर पुढच्या दशकात ते शून्यापासून सुरू करावं लागेल.